टाळूवरच्या घड्या

शाळकरी वयात ज्यांचा वरचा जबडा स्क्रू लावून रुंद केला होता, त्यांना मी वीस वर्षांनी पुन्हा बोलावत होते. ती रुंदी टिकली की जबडा परत आक्रसला, एवढंच बघायचं होतं.

ही बाई आली आणि पहिल्यापासूनच मला खटकली. स्क्रूबद्दल विचारलं, तर म्हणे, "आठवत नाही हो." आई रोज टाळूत किल्ली फिरवायची, नाकाच्या मुळापर्यंत कळ जायची, आणि हिला आठवत नाही? वर माझ्याशी बोलताना नजर सारखी टेबलावरच्या, तेव्हा तोंडाचा घेतलेल्या जुन्या प्लास्टरच्या साच्याकडे.

तिने खुर्चीत आडवं होऊन आ केला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. टाळूवरच्या घड्या बोटांच्या ठशांसारख्या असतात. जबडा रुंदावला तरी त्यांची नक्षी ज्याची त्याचीच राहते. साच्यातली नक्षी हिची नव्हती.

"खरं सांगा, कोण तुम्ही?" माझा आवाज चढलाच.

ती उठून बसली. "धाकटी बहीण. ताई जाऊन बरीच वर्षं झाली. पण तुमचा फोन आईने घेतला. तुम्ही म्हणालात, तिच्या तोंडाचा साचा अजून जपून ठेवलाय. ती गेली असं कळलं तर तुम्ही तो टाकून द्याल, या भीतीने आई म्हणाली, येईल ती."

मी दार उघडलं. बाहेर बाकावर एक म्हातारी बसली होती. मांडीवर डबा, आणि डब्यात मऊ कापूस अंथरलेला.