साडू आत असताना

स्कोअर एकोणपन्नास-शून्य झाला तेव्हा लोवेल आरामखुर्चीच्या डाव्या हातावर कोपर टेकवून बसला होता. तिथून हलला असता तर त्याचा संघ हरला असता.

तळघरात सात माणसं होती आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. एल्क फोर्क कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाला अकरा वर्षांनी हंगामअखेरचा मानाचा बोल सामना मिळाला होता. टीव्हीत फ्लोरिडाचं ऊन, खिडकीत नेब्रास्काचा बर्फ. लोवेलच्या अंगातली जर्सी मागच्या बोल विजयापासून धुतलेली नव्हती. शिवाय तो सकाळपासून उपाशी होता. संघाला पहिला गुण मिळेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही, हा त्याचा नियम. अख्ख्या गावाला ठाऊक होता. पेट्रोल पंपावर लोक विचारायचे, "काय लोवेल, या शनिवारी कसं काय?" जणू चेंडू त्याच्या फ्रीजमध्ये ठेवलेला असतो.

"मी जरा जाऊन येतो," ग्रिफिन म्हणाला.

ग्रिफिन म्हणजे लोवेलचा साडू. मेहुणी मार्लाचा नवाकोरा नवरा, पोर्टलंडचा दातांचा डॉक्टर. त्याच्या शर्टाला साबणाचा वास येत होता. सामना सुरू होऊन तासभर झाल्यावर त्याने विचारलं होतं, "आपले कुठले?"

संडासाचं दार लागलं. टीव्हीवर एल्क फोर्कच्या पोराने चेंडूला लाथ मारली. चेंडू दोन खांबांच्या मधून गेला. तीन गुण.

तळघर किंचाळलं. ग्रिफिन हात पुसत बाहेर आला आणि दोन मिनिटांत समोरच्या संघाने आणखी सात ठोकले.

शेजारचे ओर्विल आजोबा दुपारपासून एक शब्द बोलले नव्हते. ते म्हणाले, "पोरा, आत जा."

"माझं झालं की, आजोबा."

"तुझं झालं असेल. आमचं नाही झालं."

ग्रिफिन आत गेला. दहा मिनिटांनी पुन्हा लाथ, पुन्हा तीन. छप्पन-सहा. आता शंकेला जागा उरली नाही.

खुर्च्या टीव्हीकडून संडासाच्या दाराकडे वळल्या. कोणी आत उशी दिली, कोणी मासिक. "साडूभाऊ, पाय आखडले का हो?" "उठू नका, बसल्या बसल्याच बोला!" आतून ग्रिफिन म्हणाला की ठीक आहे, फक्त जरा गार लागतंय. मार्लाने लगेच स्वतःची शाल दिली आणि अशी काही बघत उभी राहिली, जणू नवरा सीमेवर लढतोय.

लोवेलची बायको जोलीन राजमा-खिम्याच्या गरम चिलीचा वाडगा घेऊन संडासाच्या दाराकडे निघाली. पातेल्यातला शेवटचा. वर दालचिनीचा रोल. ट्रेच्या मधोमधचा, चारी बाजूंनी मऊ. चोवीस वर्षांच्या संसारात मधला रोल लोवेलचा होता. त्यावर कधी चर्चाही झाली नव्हती.

"जोलीन, पहिला गुण झालाय. मी आता जेवू शकतो."

"अगंबाई, खरंच की! कोपऱ्यातला एक उरलाय बघ."

कोपऱ्यातल्या रोलला दोन बाजूंनी कडक कड होती. लोवेलने तो बघितला आणि तसाच ठेवला.

"योगायोग असतो हा," तो म्हणाला.

ओर्विल आजोबांनी चष्मा काढला. "लोवेल, अकरा वर्षं तू त्या खुर्चीत बसतोयस. आम्ही कधी काही बोललो?"

सामना त्रेसष्ट-सहा असा संपला.

"सॉरी हं," दारामागून आवाज आला. "शेवटी मी उभा राहिलो होतो. पायाला मुंग्या आल्या होत्या."

"असू दे रे, पहिल्यांदाच बसलायस," ओर्विल आजोबा म्हणाले.

निघताना प्रत्येकाने ग्रिफिनला मिठी मारली. तू नसतास तर शून्यावर गेलो असतो, म्हणाले. पुढच्या वर्षी सकाळपासूनच आत बस, म्हणाले. आणि लोवेलच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, "तेवढा एक हीटर लावून घे हं तिथे."

पाच वाजता तोच सामना टीव्हीवर पुन्हा दाखवायला लागले. जोलीन वाडगे गोळा करत होती. लोवेल खुर्चीत बसून बघत राहिला. सात, चौदा, एकवीस. एकोणपन्नास झाले तसा तो उठला, संडासात गेला आणि त्याने आतून कडी लावली.



"जोलीन," आतून हाक आली, "लाथ मारली का?"

जोलीन हातात वाडगे घेऊन टीव्हीसमोर थांबली. एल्क फोर्कचं पोर दुपारसारखंच तीन पावलं मागे गेलं, पुढे आलं. चेंडू दुपारसारखाच उडाला.

"मारली."

"गेली?"

ती जरा वेळ दाराकडे बघत राहिली.

"गेली की! बरोब्बर मधून."

आत उशी सारखी केल्याचा आवाज आला. कडी काही निघाली नाही.

"अजून एक यायचीय," लोवेल म्हणाला.

जोलीनने वाडगे खाली ठेवले. कोपऱ्यातला रोल उचलला, सुरीने दोन्ही बाजूंची कडक कड नीट कापून काढली, आणि बशी घेऊन संडासाच्या दारावर टकटक केली.