खेळ न आवडणारी मुलगी

"आवडता खेळ कोणता?" मुलाखतीत सरांनी तिला विचारलं.

टेबलापलीकडे तिघं बसले होते. मधले सर एके काळचे गोलरक्षक. मोडून वाकडी जुळलेली बोटं टेबलावर वाजवत होते. शेजारी मॅडम. टोकाला एक गृहस्थ, मुलाखतीपेक्षा चहात जास्त लक्ष असलेले. क्रीडा व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाला जागा तीस आणि बाहेर व्हरांड्यात दीडशे पोरं. रांगेत तिने सगळ्यांची कारणं ऐकली होती. कुणाला मोठ्या खेळाडूंबरोबर फिरायचं होतं, कुणाचा गुडघा कामातून गेला होता, एकाला तर सामने फुकटात बघायचे होते. मागून जरा रेटा आला की मात्र तिला काही ऐकू येईनासं व्हायचं. ती भिंत धरून उभी राहायची.

'लहानपणापासून खेळाची आवड' हे उत्तर तिने घोकून आणलं होतं. ऐन वेळी तोंडातून निघालं भलतंच.

"एकही नाही."

गृहस्थांना चहाचा ठसका लागला.

"अगं बाई, वाट चुकलीस की काय?" सर हसले. "मैदानावर शेवटची कधी गेली होतीस?"

"आठ वर्षांपूर्वी. अंतिम सामन्याला. सामना संपता संपता दिवे गेले. लोक तीन नंबरच्या दाराकडे धावले. फुकटे घुसू नयेत म्हणून त्याला बाहेरून कुलूप होतं. मी बाहेर उभी होते. आतून लोक दार बडवत होते, सर. मग बडवणं थांबलं."

टेबलावरची बोटंही थांबली.

"या खोलीलाही एकच दार आहे," ती म्हणाली. "आतल्या बाजूला उघडणारं. कुठेही गेले तरी मी आधी तेच बघते."

तिघांनीही नकळत दाराकडे पाहिलं. मॅडमनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

"तुझं कोण होतं गं आत?"

"आत कुणीच नव्हतं, मॅडम. बाबा माझ्या शेजारी उभे होते." तिने पेला तसाच बाजूला सरकवला. "किल्ली त्यांच्याच हातात होती. वरून परवानगी यायची वाट बघत होते."