छत्रीची घडी

मुंबईच्या विमानतळावर सामान तपासणाऱ्या पोरीनं गिरिजाबाईची बॅग अडवली. "मावशी, काय आहे यात?"

"इमानातून उडी मारायची छत्री हाय. माझ्या संध्याची होती."

"उघडून दाखवा."

गिरिजाबाईनं बॅगेवर दोन्ही हात आडवे टाकले. "नको गं बाई. जालन्याच्या पुढं, पार आष्टीपस्तोर मांडीवर नेणार हाय मी."

पोरगी त्या 'होती'वर थबकली. हलकेच म्हणाली, "उडी मारताना गेली का? उघडलीच नाही का छत्री?"

"न्हाई, न्हाई. आभाळानं माझ्या लेकीला कधी ओरखडा बी काढला न्हाई. उडीलाच निघाल्ती, रस्त्यात ट्रकनं गाठलं."

"मग उघडायला काय हरकत आहे?"

गिरिजाबाई बॅगेवरून हात फिरवत राहिली. "निघायच्या आधी तिनं सोताच घडी घालून ठिवल्ती. रीत म्हणून तिच्या खोलीतलं बाकी समदं मी धुऊन टाकलं, कपडे, अंथरूण, पाण्याचा तांब्या बी. तिच्या हातचं एवढं एकच राह्यलंय. ही घडी मोडली तर मला न्हाई येत परत घालता."

पोरीनं बॅग तशीच पुन्हा एकदा यंत्रातून फिरवली, आणि सांभाळून गिरिजाबाईच्या पाठुंगळी बसवली.