ओ

दिवे मालवले तरी शिवम्मा खुर्चीच्या कडेवरच बसून राहिली.

"टेकून बस की," सिदू म्हणाला. त्यानं घोंगडी गळ्यापर्यंत ओढली होती. "मेंढरं आणली न्हाईत ते बरं केलं. गारठली असती हितं."

ती हसली नाही. अक्कलकोटच्या पलीकडच्या माळावरून दोघं सकाळच्या एसटीनं सोलापुरात आली होती. सिनेमांचा महोत्सव म्हणजे काय, हे दोघांनाही नीट ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं, की आज पडद्यावर त्यांची पोर, प्रियदर्शनी दिसणार. गेल्या वर्षी माळावर आलेल्या उत्कर्षा नावाच्या दिग्दर्शिकेनं तिला घेऊन छोटा सिनेमा केला होता. हरवलेली पोर माळावर आईला शोधते, एवढीच गोष्ट.

प्रियदर्शनी यंदाच्या श्रावणात तापानं गेली. घरात तिचा एक फोटो होता. आवाज कुठंच नव्हता. सिदूचा मोबाइल बटणांचा.

"आपल्या मातीतला सिनेमा जगापुढं नेणं, हेच आमचं दरवर्षीचं काम," व्यासपीठावरून कुणी म्हणालं. मग अंधारात माळ उजाडला. टेकाडावर प्रियदर्शनी आली. तोच हिरवा झगा. शिवम्मा पुढं झुकली.

"आई… आई गं…"

शिवम्मा सिदूकडं वळली. "ही कोण बोलाया लागलीय?"

"आपलीच की."

"आपली मला कवा आई म्हणली? अव्वा म्हणायची."

सिनेमा संपला. टाळ्या थांबेनात. दाराशी उत्कर्षा भेटली, तेव्हा शिवम्मानं तेच विचारलं.

"वाऱ्यामुळं आवाज नीट आलाच नव्हता," उत्कर्षा म्हणाली. "पुण्याच्या एका मुलीकडून बोलून घेतलं. आणि अव्वा म्हटलेलं… बाहेरच्या लोकांना कळलं नसतं."

"मग तिचा आवाज?"

"नाही ठेवला." उत्कर्षा खाली बघत राहिली. "मला काय माहीत, ती…"

"चल, एसटी गाठायची हाय," सिदू म्हणाला.

शिवम्मा जागची हलली नाही. "ताई, अजून एकदा लावता का? त्या पुण्याच्या पोरीला तेवढं गप करून."

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर ताटं घेऊन उभे होते. रिकाम्या सभागृहात पुन्हा माळ उजाडला. आता मुका. प्रियदर्शनी टेकाडावर आली. तिचा खालचा ओठ, अव्वा म्हणताना टेकतो तसा, दातांना टेकला, सुटला, तोंड उघडलं.

"ओ," शिवम्मा म्हणाली.

पोरीनं दुसरीकडं तोंड करून परत हाक मारली.

"ओ. हितं हाय गं मी."

सिदूनं घोंगडी तोंडावर घेतली. पडद्यावरची पोर जराशी थांबली, कान दिल्यासारखी. मग टेकाडापलीकडं उतरून गेली.