विश्वविजेत्याची गाडी

बायकोच्या नावचा फ्लॅट विकून भाऊसाहेबांनी एक जुनी रेसिंग कार घेतली. ती एका विश्वविजेत्या ड्रायव्हरची होती, हे सिद्ध करायला त्यांनी जुने कागद धुंडाळणाऱ्या एका बाईंना कामाला लावलं.

आठ महिन्यांनी बाई त्या ड्रायव्हरनं मित्राला याच गाडीबद्दल लिहिलेलं पत्र घेऊन आल्या आणि चाचरत वाचू लागल्या, "ब्रेक लागत नाहीत, चढावर धापा टाकते. अखेर आज हे डबडं एका गाढवाच्या गळ्यात मारलं."

वहिनींनी कपाळावर हात मारला.

"सही त्याचीच ना?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"हो, पण..."

"मग पण कसलं? गाडी त्याचीच होती, झालं की सिद्ध!"

दुसऱ्याच दिवशी ते पत्र सोनेरी चौकटीत दिवाणखान्यात लागलं.



बरोब्बर भाऊसाहेबांच्या फोटोखाली.