बाळंतपणाची रजा

छकुली रडायची थांबेना. पोट भरलेलं होतं, लंगोट कोरडा होता, कपाळ गार होतं. एकेक कारण तपासून बाजूला सारल्यावर तिच्या आईच्या लक्षात आलं, घरात आज एकच गोष्ट वेगळी आहे. बाबा नाहीत.

आईविना वाढलेल्या आपल्या लेकीचं बाळंतपण बाबांनीच केलं होतं, कारखान्यातून महिन्याभराची रजा टाकून. नातीला अंघोळ घालणं, दुपटी धुणं, जागरणं, सगळं. आज ते कामावर परतले होते.

लेकीने फोन लावला. आधी यंत्रांचा गोंगाट आला, मग बाबा.

“बाबा, ही ऐकतच नाही हो. मला रडू येतंय आता.”

“फोन स्पीकरवर टाक. तिच्यापासून हातभर लांब ठेव.”

मागून कुणीतरी ओरडलं, “ऐका रे! बाळंतीण कामावर आली, पण जीव घरी!” हशा पिकला. “काका, बांगड्या आणू का तुमच्या मापाच्या?”

लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “राहू द्या बाबा. ठेवते मी.”

“ठेवू नकोस.” मग बाबांचा आवाज जरा लांब गेला. “आण की रे वेल्डरा, बांगड्या. इथे मशीनमध्ये अडकतील, घरी गेल्यावर घालीन.”

आणि ते गाऊ लागले. गाणं त्यांनीच रचलेलं, कारखान्यातल्या यंत्रांचं, चाल रोज वेगळी.

“ग्राइंडर निजला गं बाई, लेथही निजला गं,
दांडगा तो प्रेस बघ, कोपऱ्यात निजला गं.”

छकुली क्षणभर थबकली. तेवढ्यात पलीकडे ग्राइंडर किंचाळला आणि तिने पुन्हा टाहो फोडला. बाबांनी आवाज चढवला. पुन्हा पहिल्यापासून.

ग्राइंडरची किंचाळी बारीक होत गेली आणि थांबली.

लेकीने कान टवकारले. मग लेथची घरघर खाली बसली. हसणंही कधीचं थांबलं होतं. उरला फक्त प्रेस. धप्प. धप्प. बाबा त्याच्या ओळीपाशी आले आणि त्यांनी ओळ पुरी केली.

धप्प.

मग काहीच नाही.

छकुलीची मूठ सुटली. फोनमधून तोच वेल्डर अगदी हलक्या आवाजात विचारत होता, “काका, झोपली का हो?”

लेकीने होकारार्थी मान हलवली. फोनवर मान हलवलेली कळत नाही, हे लक्षात यायला तिला बराच वेळ लागला.