दुसऱ्या खेळाडूचा ठोसा

माँगेरे उपनगरातल्या आमच्या घरात टीव्हीवर मारामारीचा गेम लागला की माझा थोरला भाऊ मलाकाई पहिला कंट्रोलर घ्यायचा आणि दुसरा माझ्या अंगावर फेकायचा. पडद्यावर तो रोज माझा जबडा फोडायचा, बरगड्यांचा चुरा करायचा. चौदाव्या वर्षी एकदा मी म्हणालो, "माझा ठोसा उशिरा बसतो." त्याने खराखुरा ठोसा मारून माझे पुढचे दोन दात पाडले. वर म्हणाला, "रडक्या, कंट्रोलरला दोष देतोस?"

आता मी त्या काळचे गेम हातात मावणाऱ्या मशीनवर हुबेहूब चालवायचं काम करतो. परवा तोच गेम तपासताना दिसलं, दुसऱ्या खेळाडूचा ठोसा खरंच किंचित उशिरा बसतोय. माझीच चूक समजून मी ती दुरुस्त केली. मग माळ्यावरचं मूळ मशीन काढून लावून बघितलं, तर उशीर त्यातच होता. आमच्या कामाचा नियम असा, की मूळ मशीनची खोडसुद्धा जशीच्या तशी ठेवायची. अगदी नाइलाजाने मी दुरुस्ती काढून टाकली.

रविवारी चर्चमधून मलाकाई जेवायला आला. तारोचे उकडलेले कंद चापून ढेकर देत म्हणाला, "काढ तुझं खेळणं, मुडदा पाडतो तुझा." हातातल्या मशीनवरची बटणं पहिल्या खेळाडूची. ते मी हातात ठेवलं आणि दुसऱ्या खेळाडूचा कंट्रोलर जोडून त्याला दिला. पडद्यावर मी पाचव्यांदा त्याची मान मोडल्यावर तो ओरडला, "अरे, माझा ठोसा उशिरा बसतोय!"

 

मी दोन दातांची कवळी काढून खिशात ठेवली आणि मूठ आवळली.